मागच्या काचेवरची साय

१

आमच्या घरात बॅटरी चुलीशेजारी झोपते. ऑक्टोबर सरला की रोज संध्याकाळी ती गाडीतून सोडवायची, पोटाशी धरून घरात आणायची आणि सकाळी पुन्हा नेऊन जोडायची. बाहेर राहिली तर सकाळी तिच्यात जीव नसतो. माझी बायको मावरा अंथरुणातून हा सोहळा बघायची. एकदा म्हणाली, "इतक्या वर्षांत मला कधी असं उचललं नाहीस."

बॅटरी जोडण्याआधी इंजिनाखाली ब्लोलॅम्प, म्हणजे ज्योत फेकणारा दिवा, लावावा लागतो. तेल थिजून लोण्यासारखं झालेलं असतं. ते सैल होईपर्यंत उकिडवं बसायचं. मग रेडिएटरपुढचा पुठ्ठा सारखा करायचा, इंजिनावर लोकरीचं जाड पांघरूण घालायचं आणि किल्ली फिरवायची. गाडी खोकते, पुन्हा खोकते, मग कुरकुरत उठते. रात्रभर एकाच जागी उभं राहून टायर खालून चपटे झालेले असतात, त्यामुळे गावाबाहेर पडेपर्यंत ती लंगड्या माणसासारखी धपधप करत चालते. एकदा चालू केलेलं इंजिन मग घरी परत येईपर्यंत बंद करायचं नाही. मी जन्मभर ट्रक चालवला आणि हे सगळं जन्मभर केलं. निवृत्त झाल्यावर सुटेन असं वाटलं होतं, पण मावराची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा तिला लेना नदीच्या पलीकडे, शहरातल्या इस्पितळात न्यावं लागतं. आम्ही त्याला रक्त धुऊन आणणं म्हणतो. एक खेप चुकली की तिचे पाय सुजतात, दोन चुकल्या की ती मला ओळखत नाही. म्हणून खेप चुकवायची नाही, एवढंच माझं आयुष्य उरलं होतं.

आता काचांचं सांगतो, कारण पुढे सगळं काचांवरच आहे. पुढच्या काचांना मी आतून दुसरी काच चिकटवून घेतली आहे, त्या स्वच्छ राहतात. मागच्या दोन एकेरीच आहेत. मागे बसलेल्या माणसाचा श्वास त्यांच्यावर गोठतो आणि दुधावर धरावी तशी पांढरी साय धरते. मागे कुणी नसेल तर हीटर तासाभरात त्या कोरड्या करतो. गाडीत किती माणसं आहेत हे जुना ड्रायव्हर मागे वळून न बघता काचांवरून सांगतो.

गाडी जपानी आहे, स्टिअरिंग उजवीकडे. मावरा माझ्या पाठीमागे बसायची, कारण माझ्या सीटखालून येणारी गरम हवा तिच्या पायांना लागायची. तिच्या काचेवर साय धरली की ती पिशवीतला शिंगाचा कंगवा काढून त्याच्या कोपऱ्याने खरवडायची. तो आवाज ऐकून माझे दात आंबायचे. मी कितीदा सांगितलं, पण तिने कंगवा सोडला नाही.

२

डिसेंबरात डॉक्टरांनी तिला चार दिवस ठेवून घेतलं. तिला सोडून मी एकटाच परत निघालो. भर दुपार होती, पण उणे पन्नासात दुपार म्हणजे नुसतं पांढरं धुकं. सूर्य त्यात कुठेतरी असतो, एवढंच.

हिवाळ्यात नदी हाच आमचा रस्ता. बर्फावर उतरताना पट्टे सोडायचे आणि चारही दारं जराशी उघडी ठेवायची. खाली बर्फ फुटला तर माणसाला बाहेर पडता आलं पाहिजे. नदीच्या मधोमध मला एक गाडी उभी दिसली. दिवे बंद होते आणि धूर नव्हता.

अशी गाडी ओलांडून कुणी जात नाही. आमच्याकडे चोर थांबतो, दारुडा थांबतो, नवराबायको भांडत असतील तर भांडण आवरून थांबतात. बर्फावर गाडी उभी करू नये असं पाटीवर लिहिलेलं आहे, पण त्या पाटीलाही अशा वेळी कुणी विचारत नाही. मी उतरलो. गाडी रिकामी होती आणि तिचं दार सताड उघडं होतं. बॉनेटवर हात ठेवला तर ते दगडासारखं गार. माणूस धुक्यात चालत सुटला असेल असं वाटलं. असं होतं, थंडी डोक्यात गेली की माणूस गाडी सोडून चालायला लागतो.

मग मी इथला कुणीही करेल तेच केलं. माझ्या गाडीचं मागचं डावं दार उघडून धुक्यात हाक मारली, "कोण आहे? या, बसा. गाडी गरम आहे."

अशा वेळी आधी आत घ्यायचं आणि नाव नंतर विचारायचं. मी थांबलो. इतक्या थंडीत श्वास सोडला की तो कानाशी सरसरतो, धान्य ओतल्यासारखा. माझा श्वास सरसरत होता, बाकी काही ऐकू येत नव्हतं. दोनतीनदा हाक मारली, हॉर्न वाजवला. शेवटी बोटं जड व्हायला लागली तेव्हा दार लावून निघालो.

गावात पोहोचून शेजारच्या प्रोकोपीला सांगितलं. त्याने फोन फिरवले. गाडीवाला मी नदीवर पोहोचण्याच्या कितीतरी आधी एका ट्रकमधून सुखरूप घरी पोहोचला होता आणि सुपाचा वाडगा पुढ्यात घेऊन बसला होता. बरं वाटलं. तो घरात बसलेला असताना मी हाका मारत होतो कुणाला, हा विचार त्या दिवशी मनात आला नाही.

३

दुसऱ्या दिवशी लाकडं आणायला एकटाच गेलो. वाटेत आरशात बघितलं तर मागची डावी काच पांढरी होती.

उजवी कोरडी, स्वच्छ. डावीवर मात्र जाड साय. मी म्हटलं, काल दार उघडं ठेवलं तेव्हा बर्फ आत आला असेल, पायपुसणं ओलं असेल. घरी येऊन पायपुसणं काढलं, ते खडखडीत कोरडं. काच पुसली आणि पुन्हा निघालो. ओढ्यावरच्या पुलाच्या अलीकडेच तिची कड धूसर झाली. परत फिरलो तोवर ती भरली होती, आणि सायीत खालच्या बाजूला एक गोल होता, नाण्याएवढा.

नखाने खरवडलं तर ओरखडे राहतात. या गोलाची कड गुळगुळीत आणि ओली होती. कुणीतरी मान खाली घालून, काचेला ओठ जवळजवळ टेकवून फुंकर घातल्याशिवाय असा गोल होत नाही.

मी दमलेला माणूस आहे. दमलेल्या माणसाला भीतीसुद्धा उशिरा वाटते. काचेची रबरपट्टी जुनी झाली असेल, तिथून हवा शिरत असेल, असं ठरवून मी रबरपट्टी बदलली. बदलताना गुडघे गोठले. गोल पुन्हा आला, तिथेच.

४

मावराला आणायला गेलो तेव्हा तिला काही सांगितलं नाही. ती नेहमीच्या जागी बसली, पाय हीटरपुढे केले. काठावरून बर्फावर उतरताना तिने खिडकी खाली करून धिरड्याचा तुकडा बाहेर टाकला. नदीला घास दिल्याशिवाय ती नदीवर पाऊल ठेवत नसे. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "हे कोण?"

मी विचारलं, कोण म्हणजे?

"माझ्या शेजारी कोणीतरी टेकून बसलंय. गार आहे. पण बोलत नाही, म्हणजे तुझ्यापेक्षा बरं."

औषधांनी तिला कधी कधी भास व्हायचे, म्हणून मी हसण्यावारी नेलं. पण डावी काच पांढरी झाली होती आणि उजवीवर कंगवा चालला होता. एक बाई बसली होती आणि श्वास दोघांचे होते.

त्यानंतरच्या प्रत्येक खेपेला मावराची डावी बाजू गारठायला लागली. दंड, मग खांदा, मग गाल. घरी चुलीपुढे बसवली तरी डावा हात तापायचा नाही. मी रात्री तो हात माझ्या काखेत धरून पडून राहायचो. इस्पितळातली परिचारिका म्हणाली, रक्तदाब उतरतोय, वय झालंय, मनाची तयारी ठेवा. मला तयारी ठेवायची नव्हती. मला मावरा हवी होती, तिच्या कंगव्यासकट.

गाडी बदलता आली असती असं कुणी म्हणेल. मीही तेच केलं, एकदा प्रोकोपीच्या गाडीतून तिला नेलं. बर्फावर उतरलो आणि त्याच्या गाडीची मागची डावी काच माझ्या डोळ्यांदेखत पांढरी झाली.

५

प्रोकोपी तोंडाचा फाटका. एरवी कुणाच्या मरणावरही चेष्टा करेल. त्या दिवशी मावराला घरात पोहोचवून आम्ही त्याच्या गाडीशी उभे राहिलो. त्याने काचेवरचा गोल वाकून बघितला, हातमोज्याने पुसायला गेला आणि हात मागे घेतला.

मी त्याला नदीवरची हाक सांगितली. तो बराच वेळ बर्फ लाथाडत राहिला. म्हणाला, तूच बोलावलंस, तेही दार उघडून, गाडी गरम आहे असं सांगून. थंडीत बोलावलेल्याला हाकलता येत नाही.

"मग जन्मभर फिरवू का?"

"तसं नाही. कुठे जायचंय ते विचारलंस? वाटेत घेतलेल्याला कुठेतरी सोडायचं असतं, गवरील. तू नुसताच घेऊन फिरतोयस. आमचे म्हातारे म्हणायचे, ठिकाण सांगता येत नसेल त्याला जिथून घेतलं तिथेच सोडावं." मग सवयीने म्हणाला, "माझ्या सासूचंही तसंच करायला हवं होतं." पण हसला नाही आणि घरात गेला. जाताना गाडीला कुलूप लावलं. आमच्या गावात गाडीला कुणी कुलूप लावत नाही.

मी मावराला सांगितलं की पुढच्या खेपेला त्याला नदीवर उतरवणार आहे. सांगायला नको होतं. ती अंथरुणात उठून बसली.

"या थंडीत कुणाला उतरवतात का?"

मी म्हटलं, ते माणूस नाही.

"बोलावताना विचारलं होतंस, माणूस आहे की नाही ते?"

तिचा डावा गाल मेणासारखा दिसत होता. मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

६

रक्त धुऊन झालं की मावरा गळून जायची. त्या दुपारीही शाल डोक्यावरून घेऊन ती माझ्या पाठीमागे मुडपून बसली होती. धुकं एवढं दाट होतं की आमच्याच दिव्यांचा उजेड परत आमच्यावर येत होता. काठावर मी चारही दारं जराशी उघडी केली. मावराने तिचा तुकडा टाकला. पुढे तिच्या कंगव्याचा आवाज थोडा वेळ आला, मग थांबला. झोपली असेल म्हटलं.

नदीच्या मधोमध, ती गाडी उभी होती तिथे, मी थांबलो. इंजिन चालूच ठेवून उतरलो, मागचं डावं दार पूर्ण उघडलं आणि पाठ फिरवली. मला काही बघायचं नव्हतं.

म्हटलं, "आलं तुमचं ठिकाण. उतरा."

आवाज माझाच होता, पण ट्रकवर असताना प्रवाशांना सांगायचो तसा कोरडा निघाला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गाडी जरा हलली, कुणी उतरलं की हलते तशी. बर्फावर लोकरी बुटांचा करकर आवाज झाला. पावलं सावकाश, थकल्यासारखी लांब गेली. माझ्या श्वासाच्या सरसरीवर मला दुसऱ्या श्वासाची सरसर ऐकू आली. तीही लांब गेली.

मी डावं दार लावलं. गाडीला वळसा घालून आलो तर उजवं मागचं दार सताड उघडं. बर्फावर दारं सैलच असतात, वाऱ्याने उघडलं असेल. वारा नव्हता, हे मला घरी गेल्यावर आठवलं. आत बघितलं तर मावरा डाव्या बाजूला सरकून बसली होती, शालीत तोंड खुपसून.

"इकडे बरं आहे," ती म्हणाली. "चल आता."

मी निघालो. आरशात मागच्या दिव्यांचा लाल उजेड धुक्यावर पडला होता. त्या उजेडाच्या कडेला कुणीतरी उभं होतं. ठेंगणं, वाकलेलं. त्याने हात वर केला होता, गाडी थांबवायला करतात तसा.

जन्मात मी वर केलेला हात बघून कधी पुढे गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो. पाय पेडलवर दाबला आणि काठ लागेपर्यंत मागे बघितलं नाही. काठ लागल्यावर मी मोठ्याने म्हणालो, "म्हातारे, गेली ब्याद." ती म्हणाली, "हो."

७

मावरा सुधारली. हात ऊबदार झाला, गालावर रंग आला. परिचारिकेने माझी पाठ थोपटली, अशी सुधारणा या वयात बघितली नाही म्हणाली. प्रोकोपीने घरची दारू आणली आणि आम्ही पहिला घोट चुलीला दिला. तिने पोटभर जेवायला सुरुवात केली, घोड्याचं मांस, मासा, साय घातलेला चहा. मी एवढा दमलेला होतो की आनंदही झोपेतच झाला.

आता ती डावीकडे बसते. पाय गारठतील, इकडे ये, असं मी म्हटलं, तर म्हणाली की ऊब लागत नाही. तिच्या बाजूची काच पांढरी होते, हे बरोबरच आहे, माणूस बसलं की होणारच. उजवी कोरडी राहते, तेही बरोबर. काचांवरून काहीच सिद्ध होत नाही. मी स्वतःला हे पुष्कळ दिवस सांगितलं.

एकदा बर्फावर उतरताना तिने खिडकी खाली केली नाही. मी आरशात बघितलं. धिरड्याचा तुकडा तिच्या हातात होता आणि ती तो खात होती, सावकाश, रस्त्याकडे बघत. मग ती वाकली. मान खाली घालून तिने काचेजवळ ओठ नेले आणि फुंकर घातली. गोल झाला, नाण्याएवढा, खालच्या बाजूला. त्यातून ती नदीकडे बघत बसली.

घरी आल्यावर मी मागच्या उजव्या दाराच्या खणात हात घातला. शिंगाचा कंगवा तिथे होता. त्याच्या कोपऱ्यावर सायीचा चुरा गोठून राहिला होता, त्या दिवसापासूनचा. मी तो हातात घेऊन गाडीशेजारी बसलो आणि रडलो. गालावरचं पाणीही गोठलं, ते नखाने काढावं लागलं.

प्रोकोपीला सांगितलं नाही. तो म्हणेल, बायको तुझ्यापुढे बसून जेवते आहे, आणखी काय हवं? खरंच काय सांगू? ती मला वाईट वागवत नाही. संध्याकाळी मी बॅटरी घेऊन आत येतो तेव्हा दार उघडून धरते. ते काम मावराने कधी केलं नव्हतं, ती फक्त टोमणे मारायची.

आता प्रत्येक खेपेला मी नदीच्या मधोमध थांबतो. मागचं उजवं दार उघडतो आणि हाक मारतो, "मावरा, ये, बस. गाडी गरम आहे." माझाच श्वास सरसरतो. बोटं जड होईपर्यंत उभा राहतो. मागच्या सीटवरून ती मला समजुतीने म्हणते, "म्हाताऱ्या, दार लाव. थंडी आत येते." मग मी दार लावतो आणि घरापर्यंत उजव्या काचेकडे मान वळवून वळवून बघत गाडी चालवतो. कोरडी असते.

मार्च संपला. ब्लोलॅम्प आता थोडाच वेळ लावावा लागतो, टायर धपधप करत नाहीत. काठाशी बर्फावर पाणी चढलंय. आठवड्याभरात रस्ता बंद होईल, आणि मग नदीच्या मधोमध थांबायला जागाच उरणार नाही. पण माझा जीव दुसऱ्याच गोष्टीने खालीवर होतोय. हवा ऊबदार झाल्यापासून मागच्या काचांवर साय धरत नाही. डावी स्वच्छ असते, उजवीही स्वच्छ. कालच्या किंवा त्याआधीच्या एखाद्या हाकेला मावरा आली असेल, माझ्या पाठीमागे बसली असेल, तरी मला कळायला मार्ग नाही.

म्हणून अंगणात गाडी उभी केली की मी आधी उजवं मागचं दार उघडतो. हीटर तिच्या पायांकडे वळवलेलाच असतो. "घर आलं, म्हातारे," असं म्हणतो, आणि एका अशक्त बाईला उतरायला लागेल तेवढा वेळ दार धरून उभा राहतो.